युद्धातील जखमी, हेलिकॉप्टर आणि छायाचित्रकार



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर नाही तर कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. परंतु ह्या खेपेस मी त्यांना सांगितले की, मला युद्धातल्या छायाचित्रांवर बोलावयाचे आहे, आणि त्यांतही जखमी सैनिकांना रणांगणातून उचलून नेणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या छायाचित्रांवर. चिटणीस बुचकळ्यात पडले. आपणांपैकीही काहीजण पडले असतील. म्हणून ह्या विषयाशी माझा संबंध कसा आला ते आधी सांगतो.

माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. विशीच्या आत मी एका पत्र्याच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. तेथे एका रात्रपाळीत माझ्या शेजारच्या पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या सोबत्याचा उजवा हात यंत्राखाली आला. कारखान्यात गाडी नव्हती. आम्ही चौघांनी त्याला पॅकिंगच्या फळीवर घातले, गेटाबाहेर आणले आणि भाजी घेऊन निघालेला एक टेम्पो थांबवून दवाखाना गाठला. माणूस वाचला, हात गेला. पुढे चौकशी झाली आणि कागदावर कारण पडले ते कामगाराच्या निष्काळजीपणाचे. यंत्राचे संरक्षक कडे महिनाभर काढून ठेवलेले होते, हे आम्हा चौघांना ठाऊक होते. पण चौकशीच्या दिवशी ते जागच्या जागी बसविलेले होते. आमच्या तोंडच्या शब्दाखेरीज आमच्याजवळ पुरावा नव्हता. दोन वर्षांनी मालकांनी एक रुग्णवाहिका घेतली आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर तिचे चित्र छापले. पांढरीशुभ्र गाडी, तिच्या नाकावर झेंडूचा हार. त्या चित्रात जखमी कोणी नव्हता आणि त्याला उचलणारेही कोणी नव्हते.

त्याच सुमारास मी शब्दकोश उशाशी ठेवून इंग्रजी शिकत होतो आणि वाचायला म्हणून रद्दीच्या दुकानातून जुनी मासिके, साप्ताहिके किलोवर आणीत होतो. अशाच एका गठ्ठ्यात मला अमेरिकेतील ‘लाइफ’ साप्ताहिकाचा १६ एप्रिल १९६५ चा अंक मिळाला. मुखपृष्ठावर हेलिकॉप्टरच्या आतले दृश्य होते. एक तरुण सैनिक मशीनगनपाशी उभा राहून ओरडत आहे आणि त्याच्या पायाशी एक माणूस पडलेला आहे, तो मरणाच्या दारात आहे. मी ते चित्र किती वेळ पाहत बसलो असेन, सांगता येत नाही. कॅलेंडरवरची ती गाडी आणि हे हेलिकॉप्टर, दोन्ही जखमींना वाहून नेण्याची साधने. मग एक चित्र पाहून मला चीड का यावी आणि दुसरे पाहून मान खाली का जावी? ह्या प्रश्नाचा माग काढीत मी जे वाचले, त्यातले थोडे आज आपणांपुढे मांडतो.

जखमींना उचलून नेण्याचा इतिहास युद्धाइतका जुना नाही. फार मोठा काळ सामान्य शिपाई पडला तिथेच पडून राही. नेपोलियनच्या सैन्यातील लारे नावाच्या शल्यवैद्याने घोड्यांच्या हलक्या गाड्या लढाईच्या तोंडापर्यंत नेल्या, हा एक मोठा टप्पा. पुढे मोटारी आल्या, आगगाड्या आल्या, विमाने आली. पण विमानाला धावपट्टी लागते, आणि माणूस जखमी होतो तो धावपट्टी पाहून नव्हे. जागच्या जागी उतरणारे आणि जागच्या जागी उठणारे यंत्र हवे होते.

ते यंत्र ह्या कामासाठी प्रथम वापरले गेले ते आपल्या शेजारी, ब्रह्मदेशात. एप्रिल १९४४ मध्ये जपानी फळीच्या मागे एक लहान विमान कोसळले. त्यात तीन जखमी ब्रिटिश सैनिक आणि वैमानिक असे चौघे होते. आसामातील लालाघाटच्या तळावरून कार्टर हार्मन ह्या अमेरिकी लेफ्टनंटने सिकोर्स्की बनावटीचे हेलिकॉप्टर टप्प्याटप्प्याने पुढे नेले. त्या उन्हाळ्यात त्या दुबळ्या इंजिनाला एका वेळी एकच माणूस पेलत होता. म्हणून त्याने चार खेपा केल्या आणि चौघांना एकेक करून बाहेर काढले. युद्धात हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानली जाते. कोरियाच्या युद्धात, म्हणजे १९५० ते १९५३ ह्या काळात, हे काम नेहमीचे झाले. त्या वेळच्या बेल बनावटीच्या हेलिकॉप्टरात आत जागा नसे. जखमीला बाहेरच्या बाजूस, एका अंगाला एक, अशा झाकलेल्या स्ट्रेचरवर बांधीत. वाटेत त्याच्या जखमेला हात लावणे कोणालाही शक्य नसे.

व्हिएतनाममध्ये चित्र पालटले. १९६२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी लष्कराची ५७ वी वैद्यकीय हेलिकॉप्टर तुकडी पाच ‘ह्यूई’ हेलिकॉप्टरे घेऊन तेथे उतरली. आता स्ट्रेचर आत ठेवता येई, आणि दोन वैमानिक, एक यंत्र सांभाळणारा व एक वैद्यकीय साहाय्यक असे चौघे बरोबर असत. बिनतारी यंत्रावर ह्या तुकडीची खूण ‘डस्टऑफ’ अशी होती आणि पुढे साऱ्या कामालाच ते नाव पडले. जखमी सैनिक अनेकदा तासाभरात शस्त्रक्रियेच्या मेजावर पोचू लागला. १ जुलै १९६४ रोजी मेजर चार्ल्स केली हा अधिकारी गोळीबारात उतरला, तेव्हा खालून त्याला परत फिरण्यास सांगण्यात आले. तुमचे जखमी माझ्या ताब्यात आले की फिरतो, असे उत्तर त्याने दिले आणि त्यानंतर काही क्षणांतच गोळी लागून तो मेला. युद्ध संपेपर्यंत ह्या हेलिकॉप्टरांनी ८ लाखांवर माणसे वाहून नेली. त्यांत अमेरिकी सैनिक होते, तसे दक्षिण व्हिएतनामचे सैनिक आणि साधी माणसेही पुष्कळ होती.

आता छायाचित्रकारांकडे वळू. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने बातम्यांवर आधीच कात्री चालविणारी व्यवस्था ठेवली नव्हती. लष्कराचे ओळखपत्र असलेला वार्ताहर तळावर जाई आणि जागा असेल त्या हेलिकॉप्टरात बसे. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. जाताना तो सैनिकांबरोबर जाई आणि येताना बहुधा जखमींबरोबर वा प्रेतांबरोबर येई, कारण परतणाऱ्या हेलिकॉप्टरात तेच असत. म्हणजे ही छायाचित्रे पाहुण्याने दुरून घेतलेली नाहीत, सहप्रवाशाने घेतलेली आहेत. ज्या गोळ्या वैमानिकाला लागत, त्याच त्यालाही लागू शकत होत्या.

मला मिळालेल्या अंकातील छायाचित्रे लॅरी बरोज ह्यांची होती. हा लंडनच्या सामान्य घरातला मुलगा. शाळा लवकर सुटली आणि ‘लाइफ’च्या लंडन कचेरीत, फिल्म धुण्याच्या काळोख्या खोलीत तो सोळाव्या वर्षी उमेदवार म्हणून लागला. चहा आणणे हेही त्याच्या कामात होते. व्हिएतनामला तो १९६२ साली गेला. खालच्या पायरीवरून काम शिकलेल्या माणसाच्या अंगी जी हत्यारांची काळजी असते, ती त्याच्या अंगी होती. ३१ मार्च १९६५ रोजी दानांगच्या तळावरून ‘यांकी पापा १३’ हे हेलिकॉप्टर निघाले, त्यापूर्वी त्याने मशीनगनला एक खास चौकट जोडून तीवर कॅमेरा बसविला होता, म्हणजे गोळ्या झाडणाऱ्याचा चेहरा समोरून टिपता यावा.

हे हेलिकॉप्टर रुग्णवाहिका नव्हते. मरीन दलाचे ते सैनिक वाहून नेणारे हेलिकॉप्टर होते आणि दक्षिण व्हिएतनामच्या सैनिकांना उतरविण्याच्या फेऱ्या चालू होत्या. उतरण्याच्या जागी शत्रू दबा धरून होता. बरोबरीचे ‘यांकी पापा ३’ जमिनीवर जायबंदी होऊन पडले, आणि १३ क्रमांकाचे त्याच्याजवळ उतरले. त्यावरील यंत्रप्रमुख जेम्स फार्ली हा २१ वर्षांचा पोरगा. पडलेल्या हेलिकॉप्टरातले दोघे जखमी कसेबसे ह्यांच्या हेलिकॉप्टरात आले. त्याचा वैमानिक मात्र आसनावर कोसळलेला होता. फार्ली त्याच्याकडे धावला आणि त्याच्या मागोमाग बरोज धावला. वैमानिक मेला असे फार्लीला वाटले. गोळ्या चालू होत्या, थांबणे शक्य नव्हते. त्याला तसाच टाकून फार्लीला परतावे लागले. आत आणलेल्या दोघांपैकी एक, सहवैमानिक, वाटेतच फार्लीच्या डोळ्यांदेखत मेला. मुखपृष्ठावर दिसतो तो हाच.

कोणी दुसरा असता तर हेलिकॉप्टर तळावर उतरताच त्याने कॅमेरा मिटला असता. सुटका झाली, गोष्ट संपली. बरोजने तसे केले नाही. तो फार्लीच्या मागे राहिला. त्या मालिकेतील शेवटच्या चित्रात फार्ली सामान ठेवण्याच्या एका खोपटात, दोन्ही हातांनी तोंड झाकून रडतो आहे. आदल्या पानांवर जो बंदुकीमागे वाघासारखा उभा होता, तोच हा पोरगा. माझ्या मते साऱ्या मालिकेचे मोल ह्या शेवटच्या चित्रात आहे. कॅलेंडरवाल्याने हे चित्र कधीही छापले नसते. यंत्र आले आणि माणूस वाचला, एवढेच त्याला सांगावयाचे असते. उचलणाऱ्याच्या मनावर काय पडले ते सांगण्याशी त्याला कर्तव्य नसते.

असेच आणखी एक नाव ऑन्री ह्युए ह्यांचे. वडील फ्रेंच, आई व्हिएतनामी, आणि जन्म व्हिएतनाममधल्याच दालात गावचा. ‘असोशिएटेड प्रेस’साठी ते काम करीत. जानेवारी १९६६ मध्ये आन थी येथे त्यांनी थॉमस कोल नावाच्या वैद्यकीय साहाय्यकाची छायाचित्रे घेतली. कोल स्वतः जखमी होता. डोक्याला पट्टी, तिच्याखाली एक डोळा झाकलेला, आणि उरलेल्या एका डोळ्याने पाहत तो खंदकात पडलेल्या सोबत्याची शुश्रूषा करीत होता. हेलिकॉप्टर येईपर्यंत जखमीला जिवंत ठेवणारा तो हाच माणूस. वर्तमानपत्रांत कौतुक यंत्राचे झाले, पण यंत्र पोचेपर्यंतचा सारा वेळ अशा माणसांच्या हातांनी तोलून धरलेला असे. त्याच वर्षी ह्युए ह्यांनी कंबोडियाच्या सीमेजवळ आणखी एक चित्र घेतले. एका छत्रीधारी सैनिकाचे प्रेत दोराने वर हेलिकॉप्टरात ओढले जात आहे आणि खाली जंगल आहे. त्यात वाचविण्यासारखे काही उरलेले नाही, तरी उचलण्याचे काम चालूच आहे.

ह्या विषयावरची जी दोन छायाचित्रे जगात सर्वांत नावाजली, त्या दोहोंत हेलिकॉप्टर नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. एक बरोजचे, ऑक्टोबर १९६६ मधले. चिखलाने माखलेली टेकडी, डोक्याला रक्ताळलेली पट्टी बांधलेला पर्डी नावाचा काळा सार्जंट. त्याला हेलिकॉप्टरकडे नेत आहेत, आणि तो वाटेत थांबून खाली पडलेल्या गोऱ्या जखमी सैनिकाकडे हात पसरतो आहे. संपादकांनी हे चित्र तेव्हा छापले नाही. ते छापून आले फेब्रुवारी १९७१ मध्ये, बरोजच्या मृत्यूनंतर. दुसरे आर्ट ग्रीनस्पॉन ह्यांचे, एप्रिल १९६८ मध्ये ह्युए शहराजवळच्या जंगलात घेतलेले. जखमी जमिनीवर आहेत, आणि मध्यभागी एक सार्जंट दोन्ही हात आभाळाकडे उंचावून उभा आहे. तो झाडांच्या फटीतून हेलिकॉप्टरला वाट दाखवीत आहे. आपणांला दिसतात ते फक्त त्याचे हात. तो प्रार्थना करीत असावा, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः तो काम करीत आहे.

येथे एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. सुटकेचे चित्र युद्धाला सोज्वळ करते. ज्या हेलिकॉप्टराने जखमी नेले, त्याच जातीच्या हेलिकॉप्टरांनी सैनिक आणले आणि गावांवर गोळ्या झाडल्या. आपल्या पोराला तासाभरात डॉक्टर मिळतो ह्या दिलाशावर घरची माणसे आणखी पोरे पाठवावयास तयार होतात. रुग्णवाहिका घेतली की प्रेसचे संरक्षक कडे विसरून जाता येते, तसेच हे. आणि ज्या बाजूजवळ हेलिकॉप्टर नव्हते, त्या बाजूच्या जखमींचे काय? ह्या साऱ्या प्रसिद्ध चित्रांत ते दिसत नाहीत.

त्यांचीही चित्रे होती. जगाला ती फार उशिरा दिसली. व्हो आन खान् नावाचा छायाचित्रकार दक्षिणेतील कामाऊच्या खारफुटीत गनिमांबरोबर राहत असे. १५ सप्टेंबर १९७० रोजी त्याने घेतलेले एक चित्र आहे. गुडघाभर पाण्यात मच्छरदाणीचे कापड टांगून शस्त्रक्रियेची खोली केली आहे, तोंडाला फडकी बांधलेली माणसे पाण्यात उभी आहेत, आणि बॉम्बहल्ल्यातल्या एका जखमीला तिकडे आणले जात आहे. हेलिकॉप्टर नाही, धावपट्टी नाही, रस्तासुद्धा नाही. खान् आपली चित्रे हानोईला पाठवू शकत नव्हता; त्या खारफुटीतच तो ती टांगून लोकांना दाखवी. हे चित्र मात्र त्याने कधी छापलेच नाही, कारण त्याला त्यात विशेष काही वाटले नाही. त्याच्या दृष्टीने ते रोजचेच होते. बरोजचे चित्र आणि खान्‌चे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. यंत्र काढून घेतले तर दोहोंत एकच गोष्ट उरते. एका माणसाला चार माणसांनी उचलले आहे.

ही चित्रे घेणाऱ्यांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १० फेब्रुवारी १९७१ रोजी लाओसवरच्या चढाईच्या वेळी दक्षिण व्हिएतनामच्या वायुदलाचे एक हेलिकॉप्टर पाडले गेले. त्यात लॅरी बरोज, ऑन्री ह्युए, ‘युनायटेड प्रेस’चे केंट पॉटर आणि ‘न्यूजवीक’साठी काम करणारे जपानी छायाचित्रकार केइसाबुरो शिमामोतो हे चौघे होते. त्यांना उचलण्यासाठी दुसरे हेलिकॉप्टर येणार नव्हते. १९९८ साली त्या डोंगरउतारावर उत्खनन झाले, तेव्हा कॅमेऱ्यांचे आणि फिल्मचे तुकडे सापडले. ह्या चौघांची नावे जगभर छापून आली. पण त्या हेलिकॉप्टरात एकंदर ११ जण होते. उरलेले सात व्हिएतनामी. वैमानिक, सैनिक, आणि त्यांच्याच लष्कराचा एक छायाचित्रकार. त्यांची नावे फारशी कोणी घेत नाही. कामगार चळवळीतल्या माणसाची नजर आधी त्या सात जणांकडे जाते, त्याला इलाज नाही.

त्यानंतरच्या युद्धांत सत्ताधारी शहाणे झाले. २००३ साली सुरू झालेल्या इराकच्या युद्धात वार्ताहरांना पथकांशी जोडून देण्यात आले, आणि ओळखू येईल अशा जखमी सैनिकाचे चित्र छापण्यावर नियम आले. त्यांत सारेच वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मरणाऱ्या माणसाचे चित्र त्याच्या आईने साप्ताहिकात पाहावे का, हा प्रश्न खोटा नाही. काही वर्षांपूर्वी मी माझ्या त्या सोबत्याला विचारले होते, त्या रात्री कोणी तुझा फोटो काढला असता तर तुला चालले असते का? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “फोटो असता तर कडे नव्हते हे दिसले असते, दादा. पण माझ्या आईनेही तो पाहिला असता.” ह्या उत्तरातली एक बाजू कापून टाकून दुसरी ठेवणे मला अजून जमलेले नाही. एवढे मात्र कळते की नियम कोणाच्या भल्यासाठी आहे ते तपासून पाहावे. जखमीची लाज राखण्यासाठी असेल तर तो विचारून चित्र घ्यावयास लावील. ज्याने त्याला तेथे धाडले त्याची लाज राखण्यासाठी असेल तर तो चित्रच घेऊ देणार नाही.

आज प्रत्येक कामगाराच्या खिशात कॅमेरा आहे, आणि पुष्कळ कारखान्यांत तो पाळीच्या सुरुवातीस गेटावर जमा करून घेतात. तरी अपघाताची चित्रे कधी ना कधी आमच्या कचेरीत येतात. नव्या कार्यकर्त्यांना मी त्या वेळी जे सांगतो, ते ह्या छायाचित्रकारांपासून शिकलो आहे. दुरून घेऊ नका. केवळ रक्त घेऊ नका. यंत्र घ्या, त्याचे कडे आहे की नाही ते घ्या, उचलणारे कोण होते ते घ्या. जखमीला शुद्ध आल्यावर त्याला दाखवा आणि त्याची संमती घ्या. आणि गाडी दवाखान्यात पोचली म्हणजे काम संपले असे समजू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, कारण खरे काय झाले ते दुसऱ्या दिवशी दिसते.

माझा तो सोबती अजून आमच्या सभांना येतो. हजेरीच्या वहीत डाव्या हाताने सही करतो. आज तो येथे शेवटच्या रांगेत बसला आहे. ह्या विषयावर बोलण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली आहे.